जपानला मुले नेण्याआधी: शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच शाळा आता विद्यार्थ्यांना सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जपानला नेऊ लागल्या आहेत. मी पुण्यात जपानी शिकवते आणि अशा गटांबरोबर दुभाषी म्हणून जाते. निघण्याआधीच्या पालकसभांनाही मला बोलावतात. त्या सभांत एक मोठी गोष्ट दरवेळी राहून जाते, म्हणून हे पत्र.

सभेत पासपोर्ट, व्हिसा, बॅगेचे वजन, येन किती घ्यायचे, थंडी किती असेल, हे सगळे व्यवस्थित सांगितले जाते. ते हवेच. पण कार्यक्रमपत्रिकेत कुठेतरी मधे एक ओळ असते: ‘यजमान कुटुंबाकडे मुक्काम’. या ओळीवर दोन मिनिटेही कुणी थांबत नाही. माझ्या मते सगळा दौरा त्या ओळीसाठी असतो. शिंकान्सेन ही वेगवान आगगाडी, टोकियोचे मनोरे, क्योटोची देवळे ही मुले मोठेपणी आपल्या पैशाने बघतील. पण चौदा वर्षांच्या अनोळखी मुलाला कुणी आपल्या घरात अंथरूण घालून देणे, त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणे, त्याला शेजाऱ्यांकडे नेऊन ‘हा आमचा’ म्हणून ओळख करून देणे, हे याच वयात घडते. त्यासाठी मूल तयार असावे एवढीच माझी मागणी आहे. ही तयारी एका सभेत होत नाही, तिला शाळेचे एक पूर्ण सत्र लागते.

पत्रातली उदाहरणे वाकायामा या प्रांतातली आहेत. ओसाकाच्या दक्षिणेचा हा डोंगर आणि समुद्राचा मुलूख. महाराष्ट्राने २०१३ मध्ये वाकायामाशी सहकार्याचा करार केला. आपल्या मुलांनी तिकडे जायला हे एक कारण आहेच, शिवाय मोठ्या शहरांपेक्षा अशा ठिकाणी घरे जास्त मोकळेपणाने उघडतात.

जेवणापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त डोळ्यांत पाणी तिथेच येते. आपल्या अर्जावर ‘शाकाहारी’ या चौकटीत खूण केली की आपल्याला वाटते काम झाले. यजमान बाई ती खूण वाचतात आणि मांस-मासे टाळून मनापासून स्वयंपाक करतात. पण मिसो सूप, नूडल्स, शिजवलेल्या भाज्या या सगळ्यांच्या मुळाशी जो रस असतो, दाशी, तो बहुतेक घरी कात्सुओबुशीचा म्हणजे सुकवलेल्या माशाच्या कापांचा किंवा छोट्या सुक्या मासळीचा असतो. मासा ताटात दिसत नाही आणि तिकडच्या रोजच्या समजुतीत ती माशाची भाजी ठरत नाही. बाजारात वड्यांच्या रूपात मिळणाऱ्या जपानी करी मसाल्यात पुष्कळदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. मुलाला हे तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बोलण्यातून कळते. मग मूल रडते, रात्री पुण्याला फोन जातो आणि राबून स्वयंपाक केलेले घर ओशाळते. यात चूक कुणाचीच नसते, फक्त आधी बोलणे झालेले नसते.

म्हणून प्रत्येक मुलामागे एक पान जपानीत लिहून निदान महिनाभर आधी पाठवा. अंडे चालते का, माशाचा रस चालतो का, कांदा-लसूण चालतो का, जिलेटिन चालते का, असे एकेक स्पष्ट लिहा. जैन मुलांबाबत कंदमुळांचे वेगळे लिहा. आणि तेवढ्याच जागेत मूल काय आवडीने खाते तेही लिहा: साधा भात, तोफू, बटाटा, काकडी, फळे. नुसत्या नकारांच्या यादीवरून कुणाला स्वयंपाक सुचत नाही. पालकांनाही एक सांगा. नकळत काही पोटात गेले तर आपण त्याकडे कसे पाहणार, हे घरात बसून, निघण्याआधी ठरवा. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असेल आणि ते त्या घराचे आहे. पण मुलाला ते माहीत असले पाहिजे.

वाकायामातल्या एका घरी सकाळी ओट्यावर मी काचेचे भांडे पाहिले. त्यात कोम्बू या समुद्री वनस्पतीची रुंद पट्टी रात्रभर भिजत पडली होती. शेजारी दोन लहान पातेली. एकात घरच्यांचे नेहमीचे सूप, दुसऱ्यात कोम्बूच्या पाण्याचे, आणि त्या दुसऱ्याच्या झाकणाला कागदी चिकटपट्टीवर आमच्या गटातल्या मुलीचे नाव काताकाना या जपानी लिपीत लिहिलेले. मुलीने मात्र वाटीतले अर्धे सूप तसेच ठेवले. त्या वेगळ्या पातेल्यामागे काय होते ते तिला कुणी सांगितले नव्हते. मी सांगितल्यावर ती उठली आणि त्या बाईंच्या शेजारी ओट्याशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीचे कोम्बू तिनेच भिजत घातले. ती मुलगी समजूतदार होतीच. तिला नुसती माहिती हवी होती, आणि ती पुण्यातच मिळू शकली असती.

दुसरी जागा न्हाणीघर. आपली मुले सकाळी बादलीने किंवा शॉवरने अंघोळ करतात. तिकडे अंघोळ संध्याकाळी, आणि टबातले गरम पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच. आधी टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचे, साबणाचा फेस उरू द्यायचा नाही, मग नुसते शेकायला टबात उतरायचे. बाहेर पडताना बूच काढायचे नाही, झाकण परत ठेवायचे. पाहुण्याला बहुतेक वेळा पहिली पाळी देतात, म्हणून आपल्या मुलाने पाणी साबणाचे केले किंवा सोडून दिले तर मागच्या चार माणसांची संध्याकाळ बिघडते. आणि कुणी एक शब्द बोलणार नाही. हे नुसते सांगून लक्षात राहत नाही. शाळेत जमिनीवर खडूने टब आखा, एक स्टूल ठेवा आणि मुलांकडून क्रम करवून घ्या. तसेच चपलांचे: दाराशी बूट काढायचे, घरातल्या सपाता वेगळ्या, तातामीच्या म्हणजे गवती चटयांच्या खोलीत त्याही नाहीत, संडासात तिथल्याच सपाता आणि त्या घालून बाहेर यायचे नाही. आपल्याकडेही चपला बाहेरच काढतात, त्यामुळे मुलांना हे पटकन जमते.

आता जरा नाजूक विषय. जपानी शाळांत मुले रोज आपला वर्ग, जिना, पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहही स्वतः साफ करतात. प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण पांढरे ॲप्रन घातलेली मुलेच वाढतात आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. भेटीच्या दिवशी आपल्या मुलांच्याही हातात फडके येते. आपल्यातली काही मुले आनंदाने गुडघ्यावर बसतात. काही नुसती उभी राहतात, एकमेकांकडे बघून हसतात, फोटो काढतात. हातात झाडू कुणी धरायचा याची आपल्याकडे फार जुनी आणि फार अन्यायाची उतरंड आहे. मुलांना ती कुणी शिकवलेली नसते, त्यांनी ती घरी-शाळेत पाहिलेली असते. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रातून आलेले मूल फडके हातात घ्यायला कचरते तेव्हा मला फार वाईट वाटते. दौऱ्याला जाणाऱ्या मुलांनी जूनपासून आपला वर्ग स्वतः झाडावा, पुसावा. शिपाईमामांच्या आणि मावशींच्या देखरेखीखाली, त्यांच्याकडून शिकत. पालकांची तक्रार येईल. ती आली तर मुख्याध्यापकांनी पाठीशी उभे राहावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आपली मुले तिकडे काय घेऊन जातात, हेही पाहायला हवे. हल्ली ठरलेला साचा आहे: हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच आणि ताजमहाल, होळी, क्रिकेट यांची चित्रे दाखवणारे सादरीकरण. टाळ्या पडतात. मग गटागटाने गप्पांची वेळ येते आणि समोरची मुले विचारतात, तुझ्या घरी सकाळी काय खातात, तुझी आजी काय करते, तुमच्याकडे पाऊस कसा पडतो. इथे आपली मुले गप्प होतात. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. आपल्या घराबद्दल कुणाला काही सांगण्यासारखे आहे असे त्यांना कधी वाटलेलेच नसते.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे. वाकायामाच्या आरिदा भागात डोंगरउतारावर मिकानच्या, म्हणजे तिकडच्या संत्र्यांच्या बागा आहेत. नोव्हेंबरात तोडणी चालू होती. द्राक्षबागेतल्या घरातला आमचा एक मुलगा यजमान काकांबरोबर बागेत गेला. त्यांनी त्याला फळ दोनदा कापायला शिकवले. पहिल्यांदा देठ लांब ठेवून फांदीवरून सोडवायचे, मग दुसऱ्या कापात देठ फळालगत आणायचा. टोकदार देठ राहिला तर टोपलीतल्या दुसऱ्या फळाला टोचतो आणि ते सडते. मुलाला हे लगेच उमगले. मग त्याने हातवारे करून, वहीत घड काढून, द्राक्षांचे थिनिंग कसे करतात, मणी का काढून टाकावे लागतात, डिपिंग म्हणजे घड औषधात कसे बुडवतात, हे काकांना दाखवले. भाव, पाऊस, मजूर न मिळणे, मुले शहरात निघून जाणे, एवढ्या विषयांवर दोघे बोलले. मला मधे फार थोडे बोलावे लागले. त्या मुलाला जपानी जेमतेम येत होते, पण सांगायला स्वतःचे काही होते.

म्हणून तयारीच्या काळात प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या एका कामाबद्दल, एका पदार्थाबद्दल आणि एका माणसाबद्दल सोप्या जपानीत दोन-तीन मिनिटे बोलायला शिकावे. नाच जरूर करा. पण लगोरी, लंगडी, फुगडी शिकवता येईल अशी दोन मुले बरोबर असू द्या, बघणाऱ्यांनाही मग खेळात उतरता येते.

आणि जिथे जायचे त्या गावाची ओळख करून घ्या. वाकायामात कोयासान हा डोंगर आहे, कूकाई या आचार्यांना ८१६ मध्ये मठासाठी मिळालेला. तिथल्या ओकुनोइन स्मशानभूमीत उंच देवदारांखाली लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे लिहिलेली दिसतात. देवनागरी वाचणारे मूल तिथे थबकते, कारण ही अक्षरे आपल्या अक्षरांच्या नात्यातली आहेत. कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, त्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी केले. नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे जपानमधल्या ओकायामाचे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची बाग त्याच ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून बेतलेली आहे. आपल्या मुलांना यातले काय माहीत असते? बुद्धाच्या देशातून आलात म्हणून त्यांना प्रश्न विचारले जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले, का झाले, हे त्यांना चार वाक्यांत सांगता यायला हवे, मग ती कुठल्याही घरातली असोत.

इथे एक सावधगिरी. बेन्झाइतेन ही सरस्वती, बिशामोनतेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, कांगितेन हा गणपती, हे कळले की मुले आणि कधी शिक्षकही ‘हे सगळे आपलेच आहे’ असे बोलू लागतात. कृपया हे थांबवा. या देवता चीनमार्गे तिकडे गेल्या, हजारहून अधिक वर्षे जपानी माणसांनी त्यांना पूजले, त्यांना नवे रूप आणि नवे अर्थ दिले. कांगितेनाची मूर्ती तर बहुतेक ठिकाणी दर्शनाला खुलीही नसते. आपला गणपती आणि त्यांचा कांगितेन यांत काय बदलले, ते विचारायला मुलांना शिकवा. मालकी सांगणाऱ्या पाहुण्याशी कुणी मनातले बोलत नाही.

भूकंपाबद्दल पालकांना सांगायला शाळा कचरतात, घाबरतील म्हणून. उलट हे सगळ्यात आधी सांगावे. मोबाइलवर धोक्याची सूचना कशी वाजते ते मुलांना ऐकवा, टेबलाखाली कसे शिरायचे ते करवून घ्या, यजमानांना पहिल्याच संध्याकाळी ‘निवाऱ्याची जागा कुठे’ हे विचारायचे वाक्य पाठ करून घ्या. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०. वाकायामातल्या हिरोगावा गावात १८५४ मध्ये भूकंपानंतर सुनामी आली तेव्हा तिथले व्यापारी हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंज्या पेटवून अंधारात लोकांना उंचावरच्या देवळाची वाट दाखवली. पुढे स्वतःच्या खर्चाने, उघड्यावर पडलेल्या गावकऱ्यांनाच मजुरी देऊन, सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध घातला. १९४६ च्या सुनामीत त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. त्या घटनेच्या जुन्या पंचांगातल्या तारखेवरून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागरूकता दिन ठरवला. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ ज्या राज्यात घडले, तिथल्या मुलांनी हे गाव पाहिले तर परत येऊन आपल्या शाळेत कवायत घेण्याची मागणी तीच करतील.

बॅगेबद्दल थोडेच. औषधांची यादी आधी तपासून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेताच येत नाही, कोडीनवरही बंधने आहेत, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे महिन्याभराहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळेही रीतसर प्रमाणपत्राशिवाय नाहीत, तेव्हा मे महिन्यात कुणी आंबे भरू नयेत. भेटवस्तू लहान आणि नीट कागदात बांधलेली असावी. चिक्की, लाडू, मुलाने स्वतः काढलेले चित्र. चांदीच्या मूर्ती आणि महागड्या शाली देऊ नका, परतफेड काय करावी या विचाराने समोरचे घर दडपून जाते.

भाषेचे म्हणाल तर जपानीची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालेले मूलही पहिल्या रात्री गोंधळते, कारण आजी-आजोबा पुस्तकातले जपानी बोलत नाहीत, वाकायामाचे बोलतात. जेवणाआधीचे ‘इतादाकिमास’, जेवणानंतरचे ‘गोचिसोसामा’, बाहेरून आल्यावरचे ‘तादाइमा’ हे तर हवेच. पण सगळ्यात उपयोगी पडते ते ‘मला समजले नाही, पुन्हा एकदा हळू सांगा’. आपली मुले न समजता मान डोलावतात, आणि तिथून पुढचे सगळे गैरसमज सुरू होतात. हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हणून घ्या की त्याची लाज वाटेनाशी होईल. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, त्यामुळे आपल्या साडेबाराला त्यांचे चार वाजतात. शाळेच्या वेळातच दोन-तीन व्हिडिओ कॉल करता येतात. यजमान घर आणि मूल यांची तोंडओळख आधी झाली की पहिली संध्याकाळ खूप सोपी जाते. एक मात्र: दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि काढले तर कुठेही टाकायचे नाहीत. तिकडच्या शाळा याबाबत फार काटेकोर आहेत.

मुले निवडता कशी, हेही विचारायचे आहे. जो पैसे भरू शकतो तो जातो, हे आजचे बहुतेक ठिकाणचे वास्तव आहे. वर मी ज्या मुलाबद्दल लिहिले त्याचे पैसे गावाने आणि माजी विद्यार्थ्यांनी गोळा केले होते. प्रत्येक गटात निदान काही जागा अशा मुलांसाठी राखा. जपानच्या बाजूने खर्च उचलणाऱ्या जेनेसिस आणि साकुरा सायन्स यांसारख्या योजना आहेत, त्यांची माहिती जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचवण्यात मोठ्या संस्थांनी मदत करावी.

तारखा ठरवताना तिकडची शाळा चालू आहे का ते बघा. २९ एप्रिल ते ५ मे या सुट्ट्यांच्या आठवड्यात जाणारे गट मी पाहिले आहेत. शाळा बंद, गाड्या भरलेल्या, यजमान घरे गावाला गेलेली. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेर उन्हाळ्याची सुट्टी असते. आपली दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची: त्यांचे वर्ग चालू, हवा चांगली, बागेत तोडणी आणि हिरोगावात त्या सुनामीची आठवण जागवणारा उत्सव. दिवाळीत मूल घरी नसणार म्हणून पालक कुरकुरतील. त्यांना सांगा, आकाशकंदील बरोबर द्या, तिकडच्या घरी लावू दे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परत आल्यावर आठवडाभरात मुलांनी हाताने लिहिलेली पत्रे गेली पाहिजेत. आणि पुढच्या वर्षी त्यांची मुले आपल्याकडे यावीत म्हणून शाळेने निमंत्रण पाठवले पाहिजे. आजवर मी बघितलेल्या बहुतेक शाळांनी घेतलेल्या पाहुणचाराची परतफेड केलेली नाही. जपानी मूल आले तर त्याला हॉटेलात ठेवतात, कारण ‘आपल्या घरी त्यांना चालेल का’. चालेल. उकळलेले पाणी, कमी तिखट, पंखा लागेल अशी खोली आणि रस्ता ओलांडताना हात धरणारे कुणीतरी, एवढे पुरते. या जूनच्या पहिल्या पालकसभेत दौऱ्याचे पैसे विचारण्याआधी एक कागद फिरवा: तुमच्या घरी एक मूल पाच दिवस राहू शकेल का? ज्या घरांतून ‘हो’ येईल त्यांच्या मुलांपासून यादी सुरू करा. तो कागद कसा असावा, आहाराचे पान जपानीत कसे लिहावे, यासाठी माझी मदत लागली तर मी कुठल्याही शाळेत, कुठल्याही जिल्ह्यात, मानधनाशिवाय यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक जपानी भाषाशिक्षिका, पुणे